विषबाधेत पहिला अर्धा तास : नागपुरात नवीन आलेल्यांसाठी आणि ज्यांना यातलं काहीच माहीत नाही अशा सगळ्यांसाठी

घरात कोणाच्या पोटात विष गेलंय असं कळलं की जितकी माणसं तितके डॉक्टर तयार होतात. कोणी म्हणतं मिठाचं पाणी पाज, कोणी दही आणतं, शेजारच्या काकू चिंचेचं पाणी घेऊन धावत येतात, एखादा म्हातारा शेणाच्या पाण्याचा सल्ला देतो, आणि या गडबडीत पाऊण तास निघून जातो. मी कॅज्युअल्टीत ड्युटी करते, त्यामुळे हे सगळं मला टेबलाच्या दुसऱ्या बाजूने दिसतं. पेशंट येतो तेव्हा विषाने जेवढं बिघडवलं असतं तेवढंच कधी कधी घरच्या उपायांनी बिघडवलेलं असतं. म्हणून खाली लिहिलंय त्यात "करा" कमी आहे आणि "करू नका" जास्त आहे, आणि ते मुद्दाम आहे.

आधी श्वास बघा

खांदा हलवून मोठ्याने हाक मारा. उत्तर दिलं, डोळे उघडले, तर थोडा वेळ आहे तुमच्याकडे. उत्तर नाही पण छाती वरखाली होतेय तर त्याला डाव्या कुशीवर वळवा, वरचा पाय गुडघ्यात वाकवून पुढे टाका आणि तोंड जरा जमिनीकडे राहू द्या, म्हणजे उलटी झाली तरी ती बाहेर पडते, घशात अडकत नाही. तोंडात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण), कवळी, जेवणाचा घास काही दिसत असेल तर तेवढं काढा, पण बोट घशात खोल घालू नका. उताणं झोपवून डोक्याखाली उशी देऊन ठेवणारे फार असतात, प्रेमाने करतात पण तसं नको.

श्वासच दिसत नसेल, किंवा आचके दिल्यासारखा मधूनच एखादा येत असेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला सुरुवात करा, मिनिटाला 100 ते 120 वेळा, मोठ्या माणसाची छाती निदान 5 सेंटीमीटर आत गेली पाहिजे. तोंडाने श्वास द्यायच्या भानगडीत पडू नका, शेतीचं औषध असेल तर ते त्याच्या तोंडावर, मिशीला, शर्टावर सगळीकडे असतं आणि मग आम्हाला एकाच्या जागी दोन पेशंट मिळतात.

हे चालू असतानाच दुसऱ्या कोणीतरी 108 ला फोन लावायचा, स्पीकरवर टाकायचा. 108 फुकट आहे, 112 लावला तरी मदत मिळते. फोनवर रडारड न करता चार गोष्टी सांगा, कुठे आहात, पेशंटचं वय, काय घेतलंय, आणि श्वास चालू आहे का. पत्ता सांगताना नुसतं लेआउटचं नाव सांगू नका, नागपुरात एकसारख्या नावाचे लेआउट आणि नगरं किती आहेत ते इथे नवीन आलेल्याला महिनाभरात कळतंच, जवळचं देऊळ, पेट्रोल पंप, मेट्रो स्टेशन असं काहीतरी सांगा आणि एक माणूस गल्लीच्या तोंडाशी उभा करा.

विषबाधेसाठी वेगळी हेल्पलाइनसुद्धा आहे, दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र, टोल फ्री नंबर 1800 116 117, चोवीस तास. लेकराने काहीतरी चाटलंय पण ठणठणीत खेळतंय, न्यायचं की नाही कळत नाहीये, अशा वेळी हा नंबर फार कामाचा आहे. पेशंट गुंगीत असेल तर मात्र आधी 108.

ॲम्ब्युलन्सला वेळ लागणार असेल तर कार किंवा ऑटो करा, मागच्या सीटवर कुशीवर झोपवा आणि एकाने डोकं धरून बसा. टू-व्हीलरवर दोघांच्या मध्ये बसवून आणायचं नाही. हे मी वारंवार बघते, मान छातीवर पडलेली, पाय रस्त्याला घासत आलेले, मागचा माणूस सांगतो रस्त्यात एकदा उलटी झाली आणि मग शांत झाला. तो शांत झाला नसतो, उलटी श्वासनळीत गेलेली असते.

उलटी करवू नका. खरंच नका.

सगळ्यात जास्त वाद इथेच होतो, म्हणून कारणं सांगते.

ॲसिड, टॉयलेट क्लीनर, ब्लीच असलं काही पोटात गेलं असेल तर जाताना अन्ननलिका एकदा भाजली, उलटीने ती दुसऱ्यांदा भाजते. राकेल, पेट्रोल, थिनर, डास मारायच्या मशीनचं लिक्विड, यांचा खरा धोका पोटात नसून फुप्फुसात आहे, पातळ असल्यामुळे उलटी करताना थोडंसं जरी श्वासात गेलं तरी न्यूमोनिया होतो. कापूर खाल्ला असेल तर लेकराला काही मिनिटांत झटके येऊ शकतात, आणि उलटी करवायला बोट घातलं असतानाच झटका आला तर काय होईल विचार करा. गुंगी आणणाऱ्या गोळ्यांचंही तेच. म्हणजे ज्या ज्या वस्तू घरात असतात त्या जवळपास सगळ्यांत उलटी करवणं धोक्याचं. आपोआप झाली तर होऊ द्या, फक्त कुशीवर धरा आणि थोडी पिशवीत घेऊन या.

मिठाचं पाणी तर सोडाच, ते पाजून पाजून रक्तातलं मीठ इतकं वाढतं की त्यानेच झटके येतात, लेकरांना जास्त. दूध आणि तुपाबद्दल लोकांची फार श्रद्धा आहे, पण डांबर गोळ्या, कापूर, उंदराची पिवळी पेस्ट अशा गोष्टी चरबीत जास्त विरघळतात, म्हणजे दूध-तुपाने त्या अंगात आणखी लवकर भिनतात. ॲसिडवर सोडा, सोड्यावर लिंबू असलं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल पोटात करू नका, त्याने उष्णता तयार होते. चुलीतला कोळसा वाटून देणारेही भेटलेत, दवाखान्यात देतात तो चारकोल वेगळा असतो, तो सुद्धा ठरावीक विषांनाच आणि साधारण पहिल्या तासाभरात दिला तरच उपयोगाचा.

मग काय करायचं? शुद्धीत असेल तर पाण्याने गुळण्या करून थुंकू द्या, ओठ आणि हात धुवा. पोटात काही द्यायचं तर फोनवरच्या डॉक्टरने सांगितलं तरच.

अंगावर सांडलं असेल तर लगेच सगळे कपडे काढा, लाज बाजूला ठेवून अगदी आतले सुद्धा, आणि साबण-पाण्याने भरपूर धुवा. केस, कानामागे, नखं, काखा विसरू नका. धुणाऱ्याने हातमोजे घाला, नसतील तर किराण्याच्या प्लास्टिक पिशव्या हातावर बांधा. डोळ्यात गेलं तर नळाच्या बारीक धारेखाली 15 ते 20 मिनिटं, घड्याळ लावून, पापणी उघडी धरून. लोक दोन हबके मारतात आणि झालं म्हणतात. आणि उन्हाळ्यात आधी नळ थोडा सोडून ठेवा, नागपुरातल्या मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं.

डबा सोबत आणा

कॅज्युअल्टीत पहिले तीन प्रश्न ठरलेले आहेत. काय घेतलं, किती घेतलं, कधी घेतलं. यांची उत्तरं नसली की आम्ही अंदाजाने चालतो. म्हणून डबा, बाटली, पाकीट, गोळ्यांची रिकामी पत्ती जे असेल ते पिशवीत टाकून घेऊन या. ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरात असतं पण आम्हाला पाहिजे असतं ते खाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं मूळ नाव, एकाच कंपनीची दोन औषधं दिसायला सारखी आणि उपचार पार वेगळे असं होतं. न्यायला जमत नसेल तर लेबलचा फोटो काढा, चारही बाजूंनी. झाडाचं फळ किंवा बी खाल्लं असेल तर पानासकट फांदी तोडून आणा.

"औषध पिला" एवढंच सांगू नका. कपाशीवरचं, ढेकणाचं, की आईच्या शुगरच्या गोळ्या, ते सांगा. दारू सोबत घेतली होती का तेही सांगा, बायको बाजूला उभी आहे म्हणून लपवू नका. लेकरू असेल तर वजन माहीत असू द्या. वेळ आठवत नसेल तर "शेवटचा चांगला कधी बघितला" ते सांगा, तेवढंही चालतं.

आता एक गोष्ट नीट वाचा. काही विषं अशी आहेत की पेशंट पहिला दिवस अगदी छान असतो. पॅरासिटामॉलच्या भरपूर गोळ्या घेतल्या तर पहिले चोवीस तास थोडी मळमळ सोडून काही वाटत नाही, लिव्हर नंतर बिघडतं, आणि त्यावरचं औषध पहिल्या 8 तासांत सुरू केलं तर सगळ्यात चांगलं काम करतं. उंदराच्या पेस्टचंही असंच, एकदोन दिवस बरं वाटतं आणि मग डोळे पिवळे होतात. उंदराच्या वडीने दोनतीन दिवसांनी हिरड्यांतून, लघवीतून रक्त जायला लागतं. त्यामुळे "आता तं चांगला बोलून राहिला, कायले न्यायचा" हे वाक्य मला अजिबात ऐकायचं नाहीये. चांगला बोलतोय तेव्हाच आणा.

नागपुरात जायचं कुठे

नवीन आलेल्यांसाठी : नागपुरात "मेडिकलला न्या" म्हणजे औषधाच्या दुकानात नाही, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या हॉस्पिटलात, मेडिकल चौकाजवळ. "मेयो" म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेंट्रल एव्हेन्यूवर, रेल्वे स्टेशनच्या बाजूचं. मिहानमध्ये एम्स आहे, वर्धा रोडच्या बाजूने येणाऱ्यांना ते जवळ पडतं. हिंगण्याकडे डिगडोहला लता मंगेशकर हॉस्पिटल. मोठी खाजगी हॉस्पिटलं धंतोली, रामदासपेठेत दाटीने आहेत, तिथे जाणार असाल तर निघतानाच फोन करून आयसीयूत बेड आणि व्हेंटिलेटर आहे का विचारा.

शहरात राहता तर जे जवळ ते गाठा, आवडीचं हॉस्पिटल शोधत फिरू नका. काटोल, नरखेड, उमरेड, सावनेरकडचे असाल तर थेट नागपूर गाठायची घाई करू नका. हे ऐकायला उलटं वाटतं, पण फवारणीच्या औषधावरचं ॲट्रोपिन इंजेक्शन हे काही मोठ्या हॉस्पिटलचं गुपित नाही, ग्रामीण रुग्णालयात ते सुरू करून, सलाईन लावून, मग 108 ने पुढे पाठवलेला पेशंट आणि गाडीत नुसता टाकून दीड तास आणलेला पेशंट यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. रेफर केल्याची चिठ्ठी मात्र हातात घ्या, त्यावर कोणतं इंजेक्शन किती वाजता किती दिलं ते लिहिलेलं पाहिजे.

बाबा, वैदू, "विष उतरवणारे" यांच्याकडे एक थांबा घेऊन येणाऱ्यांना मी काही बोलत नाही, तेव्हा बोलायला वेळ नसतो.

आत गेल्यावर काय होतं

नातेवाइकांना बाहेर बसवतात आणि आत काय चाललंय कळत नाही म्हणून भांडणं होतात, त्यामुळे थोडं सांगून ठेवते.

पोट धुणं हे प्रत्येकाचं करत नाहीत. उशीर झाला असेल तर फायदा नाही, आणि ॲसिड किंवा राकेल असेल तर नळी घालणंच धोक्याचं. "पैसे घेतले आणि पोट पण नाही धुतलं" ही तक्रार करण्याआधी डॉक्टरला कारण विचारा.

फवारणीच्या औषधात, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या, अंगातलं सगळं पाणी बाहेर यायला लागतं. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, जुलाब, छातीत घुरघुर, आणि डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. कातडीखाली स्नायू फडफडताना दिसतात. यावर ॲट्रोपिन देतात, छाती कोरडी होईपर्यंत देत राहतात. त्याचा परिणाम म्हणून पेशंटचं तोंड कोरडं पडतं, चेहरा लाल होतो, तो काहीबाही बडबडतो, हवेतलं काहीतरी पकडतो, चादरीचे धागे ओढतो. मग बाहेर आई रडते की माझा पोरगा वेडा झाला. नाही झाला. धोतऱ्याचं फळ खाल्लेल्या माणसाची लक्षणं तंतोतंत अशीच असतात कारण धोतऱ्यात मुळात ॲट्रोपिनच असतं. (म्हणून घरी धोतरा वाटून देऊ नका, सांगायची गरज पडू नये पण सांगते.) हात बांधले तर नळी ओढून काढू नये म्हणून बांधतात.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशंट शुद्धीवर येतो, चहा मागतो, आणि नातेवाईक डामा घ्यायला येतात, म्हणजे डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध सही करून घरी न्यायला. हा सगळ्यात वाईट टायमिंगचा निर्णय आहे. फवारणीच्या या औषधांत पहिल्या 1 ते 4 दिवसांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक लुळे पडू शकतात. आम्ही राउंडला पेशंटला म्हणतो "उशीवरून डोकं उचलून दाखवा", आणि सकाळी उचललेलं डोकं संध्याकाळी उचलता येत नाही, तो इशारा असतो की आता व्हेंटिलेटर लागू शकतो. हे जर घरी झालं तर कोणाच्या लक्षातही येणार नाही.

पोलीस केसची भीती

विषबाधा ही एमएलसी असते, म्हणजे हॉस्पिटल पोलिसांना कळवतं आणि पोलीस येऊन जबाब घेतात. ही नोंद आहे, पेशंटवर गुन्हा नाही. या भीतीने लोक खाजगी क्लिनिकमध्ये गुपचूप सलाईन लावत बसतात आणि वेळ घालवतात. 1989 मध्ये सुप्रीम कोर्टाने परमानंद कटारा केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की जीव वाचवणं आधी, पोलिसांचे कागद नंतर, आणि हे सरकारी-खाजगी सगळ्या डॉक्टरांना लागू आहे. कोणी स्वतःहून घेतलं असेल तरी 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात तो माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरून चालतात आणि त्याला उपचार द्यायची जबाबदारी सरकारवर टाकलीय, शिवाय 1 जुलै 2024 पासून जी भारतीय न्याय संहिता आली त्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम 309 नाही.

तेव्हा खरं सांगा. "चुकून घेतलं" असं रचून सांगितल्याने आमचं प्रमाणाचं गणित चुकतं. आणि पेशंटला खाटेवरच फैलावर घेऊ नका, "आमच्या तोंडाला काळं फासलं" वगैरे. त्याच्याजवळ कोणीतरी गप्प बसून राहिलं तरी पुष्कळ आहे. जीवावरचं टळल्यावर मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर 14416, चोवीस तास फुकट, मराठीत बोलता येतं, आणि हे प्रकरण घडायच्या आधी फोन लावायला सुद्धा आहे, घरात कोणी गप्प गप्प झालं असेल तर तुम्ही स्वतः लावून विचारू शकता. अशा वेळी घरातली शेतीची औषधं आणि गोळ्या काही दिवस दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवा.

लेकरं असलेलं घर

इथे मला सगळ्यात जास्त राग एका गोष्टीचा येतो, पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या. फिनाईल सुटं आणलं, भरलं बिसलेरीच्या बाटलीत. ॲसिडवाल्याकडून ॲसिड घेतलं, भरलं स्प्राइटच्या बाटलीत. कूलर धुवायचं काहीतरी, तेही तसंच, आणि ठेवलं कूलरच्या बाजूलाच. मे महिन्यात 45 डिग्रीत पोट्टं बाहेरून खेळून येतं, घशाला कोरड पडलेली, समोर बाटली दिसली की तोंडाला लावतं, वास येईपर्यंत दोन घोट गेलेले असतात. यावर उपाय फुकटचा आहे, मूळ डब्यातून काढायचंच नाही. आज हा लेख वाचून झाल्यावर बाथरूमच्या खिडकीत आणि सिंकखाली जाऊन बघा किती निघतात.

गोळ्या. आजीच्या शुगरची एखादी गोळीसुद्धा दोन वर्षांच्या लेकराची साखर इतकी खाली आणू शकते की ते गाढ झोपल्यासारखं पडून राहतं, बीपीच्या गोळ्याही तशाच. गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल लोहाच्या गोळ्या लेकरांना चॉकलेटसारख्या दिसतात आणि लोह जास्त झालं की पोटातून रक्त येतं. गोळी देताना "हे चॉकलेट आहे" म्हणायची सवय सोडा. पाहुणे आले की त्यांची पर्स खाली ठेवू नका, पर्समध्ये गोळ्या असतातच.

कापूर देवघरात खालच्या फळीवर नको, खडीसाखरेसारखा दिसतो. घड्याळाचा, रिमोटचा गोल चपटा सेल गिळला तर ते विषापेक्षा भाजण्याचं प्रकरण आहे, अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत जखम करतो, त्यामुळे शौचातून पडेल म्हणून वाट बघायची नाही, लगेच एक्स-रे. थर्मामीटर फुटून पारा गिळला तर त्या मानाने घाबरण्यासारखं कमी, काचेची काळजी जास्त. फरशीवर सांडलेला पारा मात्र झाडूने किंवा व्हॅक्यूमने काढू नका, कागदाच्या दोन पट्ट्यांनी गोळा करून बाटलीत बंद करा आणि खिडक्या उघडा.

झाडांमध्ये मोगली एरंड, ज्याला कोणी चंद्रज्योत म्हणतं, हे गावाकडे कुंपणाला असतं आणि बिया शेंगदाण्यासारख्या गोड लागतात, म्हणून शाळेतली पाचसात पोट्टी एकदमच उलट्या-जुलाब घेऊन येतात. बहुतेक सलाईनवर बरी होतात, पण सगळ्यांना आणा, ज्याला अजून उलटी झाली नाही त्यालाही. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी हे मात्र हृदयाचे ठोके बिघडवणारं प्रकरण आहे, तिथे ईसीजीशिवाय घरी थांबायचं नाही.

वास न येणारं विष

डिसेंबर-जानेवारीत नागपुरात रात्री पारा 10 च्या खाली जातो आणि लोक खोली बंद करून शेगडी पेटवतात, किंवा छोट्या बाथरूममध्ये गॅस गीझर लावून दार-खिडकी लावून अंघोळ करतात. यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळ होते, पाय लटपटतात आणि माणूस तिथेच पडतो. घरातल्या दोघातिघांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं तर व्हायरल समजू नका, दारं उघडा आणि बाहेर या. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन इथे फसवतं, ते 98 दाखवेल आणि पेशंट ऑक्सिजनअभावी मरत असेल, त्यामुळे आकड्यावर जाऊ नका, डॉक्टरला "शेगडी होती" किंवा "गीझर चालू होता" एवढं सांगा. गीझरचं युनिट बाथरूमच्या बाहेर लावून घ्या.

धान्यात ठेवायच्या गोळ्यांचाही वायूच असतो, झोपायच्या खोलीत तसल्या गोळ्या टाकलेली कोठी किंवा पोती ठेवून कुटुंबं दगावल्याच्या बातम्या येतच असतात. घरच्या गव्हाला त्या गोळ्यांची गरज नाही, कडुनिंबाचा पाला आणि कडक उन्हात वाळवणं पुरतं. आणि दिवाळीच्या साफसफाईत ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र टाकू नका, क्लोरीन निघतो.

कोणी विहिरीत, सेप्टिक टँकमध्ये उतरून पडला असेल तर त्याच्या मागे उतरू नका. दोर टाका, 101 ला फोन करा. मागे उतरणारा भाऊ असतो आणि मग दोन तिरड्या निघतात.

फवारणीचे दिवस

शहरातल्यांनी हा भाग सोडू नका, तुमचं शेत नसेल पण मामाचं असेल. 2017 च्या पावसाळ्याच्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात होते. त्यांनी विष पिलं नव्हतं. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढलेली, वरून पंपाचा फवारा अंगावरच येत होता, आणि एकात दुसरं औषध मिसळून मारत होते. कातडीतून आणि श्वासातून गेलं.

पोळा-मारबतीपासून दिवाळीपर्यंत हे दिवस असतात, दमट उकाडा, घामाने कातडी ओली, त्यातून औषध आणखी लवकर शिरतं. म्हणून सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, वारा पाठीवर घेऊन. पूर्ण बाह्यांचा शर्ट, फुलपँट, रबरी हातमोजे, गॉगल, मास्क. मान्य आहे की ते सगळं घालून जीव गुदमरतो, पण निदान हातमोजे आणि शर्ट सोडू नका, आणि भिजलेला शर्ट अंगावर वाळू देऊ नका. नोझल अडकलं तर तोंडाने फुंकायचं नाही. आणि खर्रा! मोजे काढले, त्याच हाताने पन्नी रगडली, खर्रा तोंडात टाकला, पुन्हा मोजे घातले. तेवढ्याने मोज्यांचा सगळा उपयोग संपला. खर्रा बांधावर सोडून जा, काम झाल्यावर साबणाने हात धुवून खा.

डब्यावरचा त्रिकोण बघून घ्या. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा सगळ्यात सौम्य. निळा-हिरवा मिळत असेल तर दुकानदार लाल काढून देतोय म्हणून घेऊ नका. दोन औषधं एकत्र करायची तर कृषी सहायकाला विचारून. फवारताना डोकं जड झालं, अंधुक दिसायला लागलं, तोंडाला पाणी सुटलं, मळमळ झाली की तिथेच पंप खाली ठेवायचा, "एवढी ओळ झाली की जातो" म्हणायचं नाही, कपडे काढून अंग धुवायचं आणि दवाखाना, डबा सोबत.

औषध संपल्यावर डबा तीन वेळा पाण्याने खळबळून ते पाणी पंपातच ओता, नंतर डब्याला खिळ्याने भोकं पाडा. भोकं पाडायचं कारण, चांगला डबा दिसला की कोणीतरी तो घरी नेतो आणि त्यात तेल नाही तर पाणी भरतो. 2013 मध्ये बिहारमधल्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून 23 लेकरं गेली, तेलात मोनोक्रोटोफॉस निघालं होतं. भंगारवाल्यालाही असला डबा अख्खा देऊ नका, भोकं पाडलेलाच द्या, आणि विहिरीजवळ, नाल्याजवळ तर धुवायलाही नेऊ नका.